कैरीचं चित्रान्न आणि बाकीचे आंबट भात: तुमचे प्रश्न, ताईची उत्तरं

मागच्या अंकात पाडव्याच्या पानावर एक ओझरतं वाक्य गेलं होतं, की आपल्याकडे गुढी उभी राहते त्याच दिवशी कर्नाटकात आणि आंध्र-तेलंगणात उगादी असते आणि तिकडे पुष्कळ घरांत कैरीचा भात होतो, कर्नाटकात ज्याला कैरीचं चित्रान्न म्हणतात तो. कृती दिली नव्हती, जागाच नव्हती. त्यावर एवढी पत्रं आलीत की या वेळी अख्खं पान ह्या एका भातालाच दिलंय, त्याच्या आजूबाजूच्या आंबट भातांसकट. ज्यांनी रव्याच्या लाडवांबद्दल विचारलंय त्यांनी पुढच्या अंकापर्यंत जरा कळ काढा.

प्रश्न: ताई, आमच्या सोसायटीत म्हैसूरकडच्या एक काकू आहेत. त्यांनी उगादीला कैरीचा भात पाठवला आणि तेव्हापासून मुलं माझ्या पाठी लागलीत. मी करून बघितला तर गिच्च गोळा झाला, वर एका घासात आंबटढाण आणि पुढच्या घासात काहीच नाही. काकूंना प्रमाण विचारलं तर हसून म्हणतात अंदाजाने घाल. कैरी नक्की किती घ्यायची तेवढं सांगा ना.
(एक वाचक, चिंचवड)

उत्तर: काकूंचं बरोबरच आहे, कैरी अंदाजानेच घ्यायची असते, फक्त तो अंदाज कसा बांधायचा ते त्यांनी सांगितलं नाही. ज्या कृतीत "१ मध्यम कैरी" असं लिहिलंय ती सरळ बाजूला ठेवा, कारण रायवळची लिंबाएवढी कैरी दात आंबवून सोडते आणि तळहाताएवढी तोतापुरी मुलं नुसती तिखटमीठ लावून संपवतात, आणि मोजायला दोन्ही एकेकच. तेव्हा आधी एक फोड तोंडात टाका. डोळे आपोआप मिटले तर २ वाट्या कच्च्या तांदळाला १ सपाट वाटी कीस, आणि नुसतीच कुरकुरीत आंबटगोड लागली तर दीड ते पावणेदोन वाट्या. बंगळुरात सगळ्यात जास्त दिसते ती तोतापुरीच, त्यामुळे कन्नड बायका कैरीचा हात सढळ ठेवतात आणि तेच प्रमाण आपण पुण्यात रायवळला लावलं की घरातले तोंड वाकडं करतात.

आता घासाघासाला चव बदलते त्याचं. आंबटपणा भातात ठरवायचा नसतो, कढईत ठरवायचा असतो. फोडणी, कीस, हळद, मीठ असं सगळं मिळून कढईत जे तयार होतं, तिकडे त्याला चित्रान्नाचा गोज्जू म्हणतात, ते भात घालायच्या आधी चाखायचं. नुसतं खाताना ते तुम्हाला जास्त आंबट, जास्त खारट, जास्त तिखट आणि जरा तेलकट लागलं पाहिजे, कारण त्यात चौपट भात पडणारे. तिथे जे काय कमीजास्त करायचं ते करा. भात मिसळून झाल्यावर वरून मीठ भुरभुरवलं किंवा लिंबू पिळलं की ते जिथे पडतं तिथेच बसतं, मग हलवत बसा, आणि हलवून हलवून भाताचा लगदा होतो तो वेगळाच. तुमचा गिच्च गोळा निम्मा इथेच झाला असणार असा माझा संशय आहे.

उरलेला निम्मा तांदळामुळे. कुठला वापरलात ते तुम्ही लिहिलं नाही पण चिंचवड म्हणजे इंद्रायणी असायची शक्यता दाट. इंद्रायणी आणि आंबेमोहर आपल्या वरणभाताला, दूधभाताला राजे आहेत पण ते चिकटायचेच, चित्रान्नाला ते नको. तिकडे सोना मसुरी घेतात, आपल्याकडे सगळीकडे मिळते, नाहीतर जुना कोलम घ्या, तोही छान होतो. बासमती नको, त्याचा वास कैरीच्या वासावर कुरघोडी करतो. जुन्या तांदळाला कुकरमध्ये पावणेदोनपट पाणी, नवा असेल तर दीडपट. पाण्यात १ चमचा तेल. शिट्ट्या झाल्या की प्रेशर पूर्ण उतरू द्या आणि मग लगेच परातीत पसरा, कुकरमध्ये तसाच ठेवलात तर आतल्या वाफेने शिजतच राहतो. पंख्याखाली पूर्ण गार. कोमट चालेल का असं विचारू नका, गारच.

मग कढईत ४ मोठे चमचे शेंगदाण्याचं किंवा तिळाचं तेल. आधी पाव वाटीच्या वर शेंगदाणे मंद आचेवर तळून बाजूला काढून ठेवायचे, म्हणजे शेवटी घातले की कुरकुरीत राहतात, कैरीसोबत शिजले की मऊ पडतात आणि मजा जाते. त्याच तेलात मोहरी, तडतडली की दीड चमचा हरभरा डाळ, एक चमचा उडीद डाळ, आच बारीकच, डाळी गुलाबी होईपर्यंत थांबायचं. हरभरा डाळ अर्धकच्ची राहिली तर दाताखाली खडा येतो आणि जळली तर अख्खा भात कडवट होतो, म्हणून ह्या २ मिनिटांत फोन उचलू नका. हिंग, मधून चिरलेल्या ५-६ हिरव्या मिरच्या, २ लाल सुक्या, दोन काड्या कढीपत्ता, अर्धा चमचा हळद, मग कैरीचा कीस आणि चवीपेक्षा जास्त वाटेल इतकं मीठ. कीस फक्त २-३ मिनिटं परतायचा, त्याचा कच्चा उग्रपणा गेला आणि जरासा नरम झाला की बस, मुरांब्यासारखा शिजवायचा नाही. आच बंद. अर्धी वाटी ओलं खोबरं, चाखणं, आणि मग त्यात भात. लाकडी उलथन्याने खालून वर, दाबायचं नाही. झाकून अर्धा तास ठेवा, मुरतो आणि चव सारखी होते. दाणे आणि कोथिंबीर वाढताना.

पाडव्याच्या सुमाराला कैऱ्या कोवळ्या असतात, कोय धरलेली नसते आणि आतली पांढरी बी पण किसणीवर जाते. ती तुरट-कडू असते. चिरून काढून टाका आणि मगच किसा.

प्रश्न: आमच्याकडे सोलापुरात शेजारी कानडी घरं भरपूर, पण त्यांचा भात तुमच्या वर्णनासारखा पिवळा नसतो, लालसर असतो आणि नाकात झणका जातो. मोहरी वाटून घालतात म्हणे. मी घातली तर कडू झाला. काय चुकतंय?
(एक वाचक, सोलापूर)

उत्तर: वा, हा जुन्या म्हैसूर प्रांतातला प्रकार, सासिवे चित्रान्न, आणि खरं सांगू का, मला पहिल्यापेक्षा हाच जास्त आवडतो. पिवळा रोजचा, हा सणाचा. ह्यात कैरीचे दोन भाग करतात, अर्धी किसून फोडणीत आणि अर्धी ओलं खोबरं, मोहरी, बेडगी मिरची आणि सुपारीएवढा गूळ ह्यांच्याबरोबर वाटून. लाल रंग बेडगीचा, ती रंगाला भारी आणि तिखटाला बेताची.

कडूपणाची कारणं मला तीन दिसतात, तुमचं कुठलं ते तुम्हीच ताडून बघा. मोहरी जास्त पडली, हे सगळ्यात कॉमन. २ वाट्या तांदळाला पाऊण चमचा म्हणजे छोटा चहाचा चमचा, त्यावर नाही. किंवा मिक्सर फार वेळ फिरवला, भांडं गरम झालं. मोहरी आणि मिरची आधी कोरडीच थांबून थांबून फिरवा, मग त्यात खोबरं, कैरी आणि मीठ घालून अगदी थोड्या पाण्यात जाडसर वाटा, गुळगुळीत पेस्ट नकोच. किंवा मग मोहरीच जुनी होती, डब्यात तळाशी वर्षभर पडलेली. थोडी चावून बघा, तिखटाच्या आधी कडू लागली तर फोडणीला वापरा, वाटणाला नको.

अजून एक. मोहरीचा झणका ती पाण्यासोबत चिरडली गेली की तयार होतो आणि आचेवर उडून जातो. म्हणून काही घरांत वाटण फोडणीत मिनिटभरच परततात आणि काही ठिकाणी तर आच बंद करून मग घालतात. नाकात जाणारा पाहिजे असेल तर दुसरा मार्ग, पण मग ज्यांच्या घरी छोटी मुलं आहेत त्यांनी पहिला धरा. कैरी मोहरीबरोबरच वाटली तर झणका जरा मवाळ येतो, त्यामुळे सोबतच वाटायची ही पद्धत मला शहाणपणाची वाटते.

प्रश्न: माझा जन्म हैदराबादचा, घरी मराठी पण शाळा-शेजार सगळा तेलुगू. तुम्ही सरसकट चित्रान्न चित्रान्न लिहिताय, आमच्याकडे ह्याला मामिडिकाय पुलिहोरा म्हणतात आणि तो वेगळा असतो. उगीच सगळं कर्नाटकाच्या खात्यावर टाकू नका.
(एक वाचक, हैदराबाद)

उत्तर: तक्रार मान्य, आणि बरं झालं लिहिलंत, कारण हा भात एका राज्याचा नाहीच. आंध्र-तेलंगणात मामिडिकाय पुलिहोरा, तमिळनाडूत मांगाय सादम, कर्नाटकात मावीनकायी चित्रान्न. सांगाडा एकच, पण हात वेगळे. तेलुगू घरांत तिखट चढं असतं, हिरव्या मिरच्या अख्ख्या किंवा मधून चिरून भरपूर, आल्याचा कीस पडतो, खोबरं बहुतेक नसतंच, तेल जास्त, आणि भात गरम असतानाच परातीत पसरून त्यावर हळद, कच्चं तेल आणि कढीपत्त्याची पानं घालून मिसळून ठेवायची पद्धत आहे, त्या वाफेने हळदीचा कच्चेपणा जातो आणि दाणा दाण्याला चिकटत नाही. हे कानडी पद्धतीतही उचलण्यासारखं आहे, मी उचललंय. मोहरी वाटून घालायची रीत तुमच्याकडेही आहेच, आव पेट्टिन पुलिहोरा, ते वाटण शेवटी कच्चंच कालवतात. आणि उगादीच्या ताटात हा पुलिहोरा आणि ती सहा चवींची पच्चडी, त्यातही कैरी, नवी चिंच, गूळ, कडुनिंबाची फुलं, तिखट, मीठ, म्हणजे कैरी दोन्हीकडे.

तमिळ घरांत तिळाचं तेल, तिकडचं नल्लेण्णै, आणि फोडणीत लाल सुकी मिरची. तिथे असे कालवलेले भात म्हटलं की आडी महिन्याचा अठरावा दिवस, आडिप्पेरुक्कु, ऑगस्टच्या सुरुवातीला येतो, कावेरीला पाणी चढलेलं असतं आणि माणसं घाटावर डबे घेऊन जातात, लिंबाचा भात, चिंचेचा, खोबऱ्याचा, दहीभात. कैरीचा मोसम तोपर्यंत संपत आलेला असतो म्हणून तो त्या डब्यात कमी दिसतो.

कुठला "खरा" असं मात्र मला विचारू नका, तुमच्या गावचा खरा.

प्रश्न: ताई, एवढं कौतुक कशाला, हा आपला फोडणीचा भातच की. शिळ्या भाताला कैरी लावली की झालं.
(एक आजोबा, सांगली)

उत्तर: आजोबा, सांगलीच्या माणसाने असं म्हणावं म्हणजे कमालच झाली, मिरजेपासून कानडी मुलूख कितीसा लांब! फोडणीचा भात आपण उरलेल्या भातासाठी करतो, हा भात मुद्दाम ह्यासाठी शिजवून गार करतात. तरी तुमचं एक खरं आहे, शिळा भात ह्याला चालतो, आणि चांगला चालतो, कारण थंडीत भाताचा दाणा कडक होतो आणि मोडत नाही. फ्रीजमधला भात मात्र तसाच कढईत ढकलू नका, पाण्याचा हबका मारून एक वाफ आणा, परत मऊ होतो, मग गार करून वापरा. रात्रभर ओट्यावर राहिलेला असेल तर वापरूच नका, त्याचं पुढे लिहिलंय.

प्रश्न: मी न्यू जर्सीत असते. इथे इंडियन ग्रोसरीत कच्चा आंबा कधी मिळतो कधी नाही, आणि मिळाला तर आंबट निघेल याची काही गॅरंटी नाही. सुपरमार्केटमधला हिरवा आंबा आणला तर तो आतून पिवळा आणि गुळचट निघाला. काय पर्याय आहे? आमचूर घालू का?
(एक वाचक, अमेरिका)

उत्तर: आमचूर नको. आंबट होईल पण रंग मातकट होतो आणि कैरीचा जो हिरवा कच्चा वास असतो तो त्यात नसतो, भाताला चाटमसाल्याची आठवण येते. इंडियन दुकानात फ्रोझन किसलेली किंवा फोडी केलेली कैरी बघा, ती बरी असते, फक्त वितळल्यावर पाणी सुटतं ते पिळून काढा आणि टाकू नका, गोज्जूत आंबट कमी पडलं तर चमचा-चमचा घालायला होतं. थाई दुकानातला हिरवा आंबा कुरकुरीत असतो पण बऱ्याच जाती कच्च्याच गोडसर असतात, त्या कुरकुरीतपणासाठी घ्या आणि आंबटपणा लिंबाचा.

पण तुमच्याकडे एक फळ आहे जे आमच्याकडे ताजं मिळत नाही आणि तिकडच्या तेलुगू बायकांनी ते कधीच हेरलंय. क्रॅनबेरी. सप्टेंबर ते नोव्हेंबर ताजी येते, थँक्सगिव्हिंगच्या आधी तर ढीग असतात. तिची डाळ करतात, पच्चडी करतात आणि पुलिहोरा पण करतात. २ वाट्या तांदळाला १ वाटी क्रॅनबेरी, धुऊन, अर्ध्या करून. फोडणीत हळद-मीठ घालून परता, फुटून मऊ होईपर्यंत, ४-५ मिनिटं लागतात, कैरीपेक्षा जास्त. आंबटासोबत एक तुरट-कडसर छटा येते, ती खोडायला गुळाचा खडा. रंग गुलाबीसर पिवळा येतो, दिसायला मस्त. फ्रीजरमध्ये पाकिटं भरून ठेवा, वर्षभर होईल. वाळवलेली गोड क्रॅनबेरी मिळते ती नाही बरं का.

आणि तिळाचं तेल घेताना इंडियन दुकानातलं, जिंजली म्हणून मिळतं ते. चिनी-जपानी स्वयंपाकातलं गडद तपकिरी तेल भाजलेल्या तिळाचं असतं, ते वापरलंत तर कैरीचा वास विसराच.

प्रश्न: आमच्या बागेत करवंदाची जाळी आहे. एप्रिलमध्ये हिरवी कच्ची करवंदं भरपूर लागतात आणि लोणचं घालून घालून कंटाळा आलाय. ह्याचा भात होतो का?
(एक वाचक, मालवण)

उत्तर: होतो की! आंध्रात ह्याच्या सख्ख्या भावाचा करतात, वाक्काय म्हणतात त्याला, पांढरं-गुलाबी मोठं करवंद, पावसाळ्यात बाजारात येतं आणि वाक्काय पुलिहोरा, वाक्काय पप्पू म्हणजे डाळ, असं सगळं होतं त्याचं. आपलं डोंगरी करवंद लहान आणि चिकाळ असतं, म्हणून थोडी जास्त खटपट. देठ काढून मिठाच्या पाण्यात तासभर ठेवा, चीक बराचसा सुटतो. हाताला आणि सुरीला आधी तेल लावा. प्रत्येकाचे दोन भाग करून बिया काढा, होय, सगळ्यांच्या, कंटाळवाणं आहे, घरात कुणी रिकामं बसलं असेल तर त्याला बसवा. मग पाव वाटी पाण्याचा हबका देऊन फोडणीत झाकण ठेवून शिजवा, चमच्याने दाबलं की चेचलं गेलं पाहिजे. १ वाटी करवंदं २ वाट्या तांदळाला पुरे, कमीच घ्या, लबाड फळ आहे, आंबटपणा उशिरा कळतो. हिरव्या मिरचीबरोबर आलं घाला. खोबरं इथे मी घालणार नाही, मालवणकरांना हे सांगायला धीर लागतो, पण करवंद आणि खोबरं एकमेकांना मिळत नाहीत असं माझं मत.

पिकून काळी झालेली नकोत, ती अशीच खायची.

प्रश्न: आवळा, महाळुंग, द्राक्षं ह्यांचा भात करता येईल का? आमच्याकडे नाशकात आंबट द्राक्षं पडून असतात.
(एक वाचक, नाशिक)

उत्तर: आवळ्याचा कर्नाटकात होतोच, नेल्लिकायी चित्रान्न, थंडीत. तुळशीच्या लग्नाला तिकडे तुळशीशेजारी आवळ्याची फांदी लावतात, त्या दिवसांत बाजारात आवळे आलेले असतात. कैरीसारखाच करायचा, फक्त आवळा तुरट म्हणून खोबरं थोडं जास्त आणि कीस ४-५ मिनिटं परता. आंबटपणा कमी पडला तर अर्धं लिंबू.

महाळुंगाच्या जातकुळीतलं मोठं जाडसाल लिंबू तिकडे हेरळेकायी, तेलुगूत दब्बकाय, त्याच्या रसाचा भात फार सुंदर लागतो, लिंबापेक्षा सुगंधी. महाळुंग आपल्याकडे कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात बघायचं, बाजारात क्वचितच. मिळालं तर रस आच बंद केल्यावरच घाला, सालीचा पांढरा भाग पडू देऊ नका.

द्राक्षं? मन मोडवत नाही, पण नको. पाणी फार, मिसळलं की भात ओला होतो, आणि आंबट असली तरी आत गोडी असतेच. त्यांची चटणी करा, भाताबरोबर खा.

प्रश्न: लिंबाचा भात केला की कधीकधी कडू का होतो?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर: रस आचेवर घातला म्हणून, किंवा लिंबू शेवटच्या थेंबापर्यंत पिळलं म्हणून. कढई खाली उतरवा, दोन मिनिटं थांबा, बिया गाळून रस घाला, साल चुरगाळू नका.

प्रश्न: ताई, मी कॉलेजला चेन्नईत आहे, मूळ नागपूरची. सुट्टीवरून परत जाताना आई ट्रेनसाठी कैरीचा भात देते म्हणते, मे महिना आहे, टिकेल का? आणि हॉस्टेलवर फक्त इलेक्ट्रिक राइस कुकर अलाउड आहे, तिथे काही करता येईल का?
(एक विद्यार्थिनी)

उत्तर: आईला सांग, कैरीचा भात दुपारी निघून संध्याकाळी खायचा असेल तर दे, तोही खोबरं न घालता, पूर्ण गार करून, स्टीलच्या कोरड्या डब्यात. दुसऱ्या दिवशीच्या जेवणाला मे महिन्यात अजिबात नको. भातात बॅसिलस सिरियस नावाचा एक जंतू असतो, त्याचे बीजाणू शिजवून मरत नाहीत, भात तासन् तास उबेत राहिला की ते वाढतात, आणि त्यांनी एकदा विष सोडलं की नुसतं परत गरम करून ते जात नाही. कैरीने ते वाढणं मंदावतं, पण कुठल्या घासात किती आंबट आहे ह्याचा भरवसा नाही, म्हणून "आंबट आहे, टिकेल" ह्या वाक्यावर प्रवास करू नकोस. वास नाही आला तरी पोट बिघडू शकतं.

चिंचेच्या भाताची गोष्ट जरा वेगळी. पुळियोगरे, तुमच्या चेन्नईत पुळियोदरै, देवळात प्रसादाला मिळतो तो, कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातलं मेलुकोटे ह्याच्यासाठी प्रसिद्ध आहे. त्यात चिंच भरपूर तेलात घट्ट होईपर्यंत आटवलेली असते, खोबरं ओलं नसतं, पाणी नसतं, म्हणून तो जास्त वेळ तग धरतो. तरी मे महिन्यात मी तोही त्याच दिवशी संपवायला सांगेन.

तुझ्यासाठी सगळ्यात सोयीचं वेगळंच. आईकडून भात नको, मांगाय तोक्कु करून घे. तमिळ घरांतलाच प्रकार आहे, म्हणजे तुझ्या रूममेट्सना पण ओळखीचा. २ वाट्या कैरीचा कीस, अर्धी वाटी तिळाचं तेल, मोहरीची फोडणी, हळद, मीठ, ३ चमचे तिखट, मंद आचेवर १५ मिनिटं, तेल कडेने सुटेपर्यंत, पाण्याचा थेंब नाही, शेवटी हिंग आणि भाजलेल्या मेथीची अर्धा चमचा पूड. काचेच्या कोरड्या बरणीत, चमचा कोरडा, हॉस्टेलच्या फ्रीजमध्ये ठेवलास तर काही आठवडे जातात आरामात. राइस कुकरमध्ये भात लाव, ताटात पसरून गार कर, वाटीभर भाताला एक-दीड चमचा तोक्कु, वर खारे शेंगदाणे. फोडणी नको, कढई नको, वॉर्डनचं बोलणं नको. सोबत दही घे आणि तळलेला अप्पलम, म्हणजे तिकडचा पापड, तो मेसमध्ये मिळेलच. तुझ्या नागपुरी जिभेला तिखट कमी पडलं तर ३ चे ४ चमचे कर.

प्रश्न: कांदा घालावा की नाही? आणि साखर? नवरा म्हणतो साखर पाहिजेच.
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: सणाला, नैवेद्याला कांदा नाही. एरवी नाश्त्याला बंगळुरात घालतातही, विशेषतः लिंबाच्या चित्रान्नात, हॉटेलांत तर हमखास. कैरीसोबत मला तो आवडत नाही, कांद्याची गोडी कैरीच्या आड येते. साखर नको, चिमूटभर गूळ कीस परतताना, तोही कैरी फारच आंबट असेल तरच. नवऱ्याला वाढताना बाजूला साखर ठेवा, काय करायचं ते करू दे.

प्रश्न: तांदळाऐवजी राळे किंवा भगर वापरली तर?
(एक वाचक, औरंगाबाद)

उत्तर: राळ्याचं कर्नाटकात करतातच, नवणे चित्रान्न, आणि ते चांगलं होतं. राळे अर्धा तास भिजवून, दुप्पट पाण्यात मोकळे शिजवून, पूर्ण गार करून घ्या. तेल एक चमचा जास्त लागेल, राळे कोरडे वाटतात. भगर चिकट होते, तिचं मला जमण्यासारखं वाटत नाही, उपासाला हवी असेल तर हळद-हिंग-मोहरी सगळंच वगळावं लागेल आणि मग उरतं काय.

प्रश्न: कैरी किसून झाल्यावर बाठे उरतात त्यांचं काय करता?
(एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: रत्नागिरीहून हा प्रश्न! कोय धरलेल्या कैरीचे बाठे असतील तर त्याच दिवशीच्या आमटीत टाका, चिंच किंवा आमसूल घालायची गरज नाही, आणि गूळ नेहमीपेक्षा थोडा वाढवा.